दादाच्या पाण्याची वाटी

मी एक वाटी बोलतेय. ताटात ऐटीत बसणारी मोठी वाटी नव्हे. स्वयंपाकघरातल्या फळीवर सगळ्यांत पुढे ठेवलेली, तळहातावर घेऊन मूठ वळली तर अर्धी झाकून जाईल अशी छोटीशी स्टीलची वाटी. माझ्यात पाणी भरलं तर चार घोट, भात भरला तर चार घास. मोठं पातेलं मला टोपण म्हणून चिडवतं. चिडवू दे. गेलं वर्षभर या घरात माझ्याइतका मान कुठल्याच भांड्याला नव्हता. खरं सांगायचं तर तो मान मला नको होता.

माझा जन्म कारखान्यातला. स्टीलच्या पत्र्याचा एक गोल तुकडा, वरून यंत्राचा एक दणका, की झाली वाटी. शेजारच्या साच्यातून मोठ्या वाट्या पडत होत्या. त्यांचे संच बांधले गेले, वर चकचकीत कागद लागला. आम्हा लहानग्यांना संचात कोण घेणार? दुकानात आम्ही एका टोपलीत मोकळ्याच पडून असायचो. येणारी-जाणारी माणसं आम्हाला उचलायची, वाजवून बघायची आणि परत टाकायची. माणसांना भांडी वाजवून काय कळतं ते मला आजवर कळलेलं नाही.

एक दिवस दुकानात एक बाई आली. कडेवर तान्ही मुलगी, पदराला धरून आठ वर्षांचा मुलगा. बाई मोठ्या वाट्या बघत होती. मुलाने टोपलीत हात घातला, मला बाहेर काढलं आणि बहिणीच्या तोंडासमोर धरून म्हणाला, "आई, ही घे. ही हिच्या तोंडाएवढी आहे."

म्हणजे मला विकत घेतलं आईने, पण निवडलं दादाने. हे मी कधी विसरले नाही.

आई कापडाच्या गिरणीत पाळीवर जायची. सकाळची पाळी असली की तान्हीला भरवायचं काम दादाकडे यायचं. माझ्यात मऊ भात आणि दूध कालवलेलं असायचं. दादाच्या लेखी चमचा म्हणजे आगगाडी आणि बहिणीचं तोंड म्हणजे रेल्वेचं फाटक. "गाडी आली, फाटक उघड," असं तो म्हणायचा. फाटक उघडलं नाही तर गाडी तिथेच उभी राहून शिट्टी मारायची. तरीही उघडलं नाही तर गाडी रूळ बदलून थेट दादाच्या तोंडात जायची, आणि ते बघून तान्ही रडायला लागायची. माझ्यातला निम्मा भात तरी त्यानेच फस्त केला असेल. तरी पोरगी कशी कोण जाणे गुटगुटीत झाली, आणि दादाने तिचं नाव गट्टू ठेवलं. खरं नाव काय होतं ते आता घरातही कुणी घेत नाही.

पोरं मोठी झाली की लहान वाटीला कोण विचारतो? आधी मी आईची औषधाची गोळी पाण्यात विरघळवायला होते. आई गेली. मग दादाने घराच्या पुढच्या खोलीत पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचं दुकान थाटलं, तेव्हा माझी रवानगी तिकडे झाली. माझ्यात स्क्रू राहायचे, वॉशर राहायचे, कधी जळक्या तारेचे तुकडे. अंगाला ग्रीसचा वास चिकटला तो कायमचाच, असं मला वाटलं होतं. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण दादा काम करताना गुणगुणायचा, स्क्रू शोधताना बोट माझ्यात फिरवायचा, तेवढ्यावर मी समाधानी होते.

गट्टू एका मोठ्या लाँड्रीत कामाला लागली. हॉटेलांच्या चादरी, टेबलांवरची कापडं, दवाखान्यांचे पडदे, सगळं तिथे धुवायला यायचं. दिवसभर उभं राहून काम. लग्न तिने केलं नाही. दादा आणि वहिनी यांच्याबरोबरच ती राहते. अंगाने भरलेली, हसायला मोकळी, जिना चढली की धापा टाकणारी आणि धापा टाकताटाकता विनोद करणारी. दुकानात आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, की पंख्याला जरा जास्तच आवाज येतोय, तर आतून हीच ओरडून सांगायची, "तो पंखा नाही, मी जिना चढून आलेय." दादा हसून हसून स्क्रू सांडायचा.

मग दादाचं हसणं कमी झालं. पाय सुजायला लागले. चेहरा सकाळी उठल्यावर फुगलेला दिसायचा. तो म्हणायचा, झोप जास्त झाली असेल. पुढे जेवण जाईना, तेव्हा वहिनी त्याला ओढून इस्पितळात घेऊन गेली. दोन्ही किडन्या काम करायच्या थांबत आल्या होत्या.

तेव्हापासून ठरलेल्या दिवशी तो मशीनवर जाऊ लागला. त्याचं रक्त नळीतून बाहेर काढतात, धुतात आणि परत आत सोडतात. पहिल्यांदा घरी आला तेव्हा गट्टूला म्हणाला, "तू चादरी धुतेस, ते मला धुतात. फक्त मला कडक इस्त्री करत नाहीत, एवढंच." गट्टू हसली आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ पाणी सोडून बसली.

पाणी. सगळं पाण्यापाशीच येऊन थांबलं. दादाचं शरीर पाणी बाहेर टाकू शकत नव्हतं, म्हणून त्याने प्यायचं ते मोजून. इस्पितळातल्या नर्सने वहिनीला सांगितलं, घरातलं एखादं लहान भांडं घेऊन या, आपण त्याचंच माप ठरवू. वहिनीने सगळं घर धुंडाळलं आणि दुकानातल्या टेबलावर तिला मी दिसले. स्क्रू ओतून टाकले, राखेने घासलं, गरम पाण्यात उकळलं. इतक्या वर्षांनी मला माझं पोट चकचकीत दिसलं. नर्सने मला भरून काचेच्या मापात ओतून पाहिलं आणि म्हणाली, "ही छान आहे. दिवसाला या आठ वाट्या. एक थेंब जास्त नाही."

रोज सकाळी वहिनी माझ्याने मोजून आठ वाट्या पाणी एका बाटलीत भरायची. ती बाटली म्हणजे दादाचा दिवस. त्याचा घसा कोरडा पडायचा तेव्हा तो बाटली हातात घेऊन नुसता बघत बसायचा. उन्हातून गिऱ्हाईक आलं आणि त्याने घटाघट तांब्याभर पाणी प्यायलं, की दादा मान वळवून पंख्याच्या पात्याकडे बघायचा. घरात "वाटी" म्हटलं की सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळायचे. इस्पितळाचं माप म्हणजे मी, हे पक्कं ठरून गेलं होतं.

मशीनवर किती दिवस काढणार? डॉक्टर म्हणाले, कुणी किडनी दिली तर बरं. वहिनीला साखरेचा आजार, तिची चालणार नव्हती. गट्टूची जुळली. त्या दिवशी ती घरी नाचतच आली. पण डॉक्टरांनी एक अट घातली होती. तिचं वजन फार होतं. एवढ्या वजनावर ऑपरेशन करणं तिच्यासाठी धोक्याचं होतं. वजन उतरवा, मग तारीख देऊ.

"उतरवते," गट्टू म्हणाली. "आयुष्यभर लोक सांगत होते, आता निदान कारण तरी चांगलं मिळालं."

इस्पितळात आहार सांगणाऱ्या एक बाई होत्या. गट्टूने घरी येऊन वहिनीला त्यांचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. दोन्ही वेळा वाटीभर भात, वाटीभर डाळ, दोन वाट्या भाजी, सकाळी अंडं, झोपताना वाटीभर दूध. तळलेलं आणि गोड बंद. शेवटी त्या बाई म्हणाल्या होत्या, "सावकाश उतरू दे. उपाशी राहू नका."

आणि गट्टूने फळीवरून मला उचललं.

मागच्याच रांगेत मोठ्या वाट्यांचा संच होता, हात लांब केला तर लागला असता. पण तिचा हात तिकडे गेला नाही, आणि वहिनीच्याही मनात आलं नाही. इस्पितळाने पाणी मोजायला जी वाटी ठरवून दिली, तीच जेवण मोजायला, यात विचारायचं काय? अशी चूक दुसऱ्या घरात झालीच नसती. तिथे वाटीचं असं माप ठरलेलंच नसतं. मी ओरडून सांगितलं असतं, की बाई गं, मी तान्ह्या मुलीच्या तोंडाएवढी आहे, तू आता चादरींचे गठ्ठे उचलणारी बाई आहेस. पण आमचा आवाज माणसांना फक्त जमिनीवर पडल्यावर ऐकू येतो.

सकाळी दादाचं पाणी मोजून झालं, की मी धुऊन पुसून गट्टूच्या डब्याच्या पिशवीत जाऊ लागले.

सुरुवातीला सगळ्यांना आनंद झाला. वजन भराभर उतरत होतं. शेजारीण म्हणाली, "काय गं, ओळखू येईनास!" लाँड्रीतल्या मुली तिचा सैल झालेला झगा मागून धरून हसायच्या. दादा म्हणायचा, "अगं, हळू. मला द्यायला तरी थोडी शिल्लक राहा." गट्टू आरशासमोर उभी राहायची आणि मला पहिल्यांदा असं वाटलं, की तिला स्वतःकडे बघायला आवडतंय. एवढं कौतुक झाल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. तिच्या मनात आलं, वाटीभर खाऊन एवढं उतरतं, तर त्याहून कमी खाल्लं तर तारीख आणखी लवकर मिळेल.

मग माझ्यात भात अर्धाच पडू लागला. झोपतानाचं दूध बंद झालं. सकाळचं अंडं ती वहिनीच्या ताटात सरकवायची.

घरी ती म्हणायची, "लाँड्रीत जेवले." लाँड्रीत म्हणायची, "घरून जेवून आलेय." मी दोन्हीकडे होते. पिशवीत मी कोरडी असायचे, घरी येऊन फळीवर बसायचे तेव्हाही कोरडीच. पोटाला चिमटा काढणं मी गरिबीत पाहिलेलं होतं. भरल्या घरात कुणी हौसेने काढताना पहिल्यांदा पाहिलं.

कंगव्यात केस येऊ लागले. दुपारच्या उकाड्यातही तिला हुडहुडी भरायची. विनोद करणारी पोरगी उगाचच वहिनीवर वसकन् ओरडायची आणि नंतर रडायची. वजनही एका जागी येऊन अडकून बसलं. आता उतरेना. काट्यावरून उतरली की ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच काट्याचे कान भरलेत. दुसऱ्या दिवशी भात आणखी कमी.

वहिनीला हे दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ती रोज विचारायची, "जेवलीस ना?" गट्टू म्हणायची, "जेवले." वहिनी क्षणभर तिच्या मनगटाकडे बघायची. तिथली बांगडी आता कोपरापर्यंत सरकत होती. तिला दुसऱ्यांदा विचारायचं असायचं, ओठ उघडलेले असायचे. मग आतल्या खोलीतून दादाचा खोकला ऐकू यायचा आणि ती ओठ मिटून घ्यायची. त्या बाईचा मला राग आला, आणि दयाही आली. एकीकडे नवरा, दुसरीकडे नणंद. तिने डोळे झाकून घेतले, एवढंच.

लाँड्रीत मोठ्या चादरी घडी करायला दोघी लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघींनी चादर ताणायची, झटका द्यायचा, पुढे यायचं, टोकाला टोक मिळवायचं. गट्टूची जोडीदारीण एक पोक्त बाई होती, सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. दोघींची जोडी जुनी. गप्पा मारताना त्या एकमेकींकडे बघायच्यासुद्धा नाहीत, हात आपोआप चालायचे.

एक दिवस मावशी थांबली. "चादर तुझ्या बाजूने खाली येतेय."

"नाही गं."

"मी काय आज घड्या घालतेय? ताण येतच नाहीये तुझ्याकडून. जेवलीस का?"

"घरून जेवून आलेय."

"डबा दाखव."

गट्टूने पिशवी पायाने बाकाखाली सरकवली. त्या पिशवीत मी होते. मावशी म्हणाली, "माझ्याशी खोटं बोल, चालेल. चादरीशी कसं बोलशील?"

दुपारी गट्टू गरम रुळांच्या यंत्रावर उभी होती. ओली चादर एका बाजूने आत घालायची, दुसऱ्या बाजूने वाळून, इस्त्री होऊन येते. तिने चादर आत सोडली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हात रुळाच्या कडेला टेकला. मावशीने मागून तिला खेचलं म्हणून हात वाचला. मनगटाखाली एक लांबट लाल डाग मात्र उठला. मावशीने थंड पाणी ओतलं, साखरेचं पाणी पाजलं. जरा भान आल्यावर गट्टू पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "साखर किती घातली होतीस?"

मावशीने उरलेलं साखरेचं पाणीही तिच्या तोंडाला लावलं.

घरी तिने लांब बाह्यांचा सदरा घातला. डाग कुणी पाहिला नाही. पाहिला असेल तर बोललं नाही.

तपासणीचा दिवस आला. त्याच दिवशी दादाची मशीनची पाळी होती, म्हणून तिघंही इस्पितळात गेली. दादा वरच्या मजल्यावर, गट्टू आणि वहिनी डॉक्टरांकडे. काट्यावर हवा होता तोच आकडा आला. गट्टूने वहिनीचा हात इतका घट्ट दाबला की वहिनी कळवळली. मी पिशवीतून सगळं ऐकत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गट्टूच्या आवाजात जुना विनोद आला. ती म्हणाली, "डॉक्टर, आता तारीख द्या, नाहीतर वाऱ्याने उडून जाईन."

डॉक्टर हसले नाहीत. रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट चाळत होते.

"वजन उतरलंय," ते म्हणाले. "पण रक्त फार कमी झालंय. दाब खाली आलाय. शरीराला बाहेरून काही मिळत नाहीये म्हणून ते स्वतःलाच खातंय. तुम्ही जेवता ना?"

"तुम्ही सांगितलंय तेवढंच."

"मी तारीख देऊ शकत नाही. दोन किडन्या असताना जी बाई धड उभी राहत नाही, तिची एक काढून घेऊ? आधी खा, अंगात ताकद येऊ दे. काही महिन्यांनी परत तपासू."

"काही महिने?" गट्टूचा आवाज चिरकला. "त्याचं शरीर फुगत चाललंय, डॉक्टर. काही महिने कुठून आणू?"

डॉक्टरांनी आहारवाल्या बाईंना बोलावलं. त्या आल्या, खुर्ची गट्टूजवळ ओढून बसल्या, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला नीट सांगा. एका वेळी किती भात घेता?"

"वाटीभर. हल्ली थोडा कमी."

"वाटी केवढी?"

गट्टूने पिशवीत हात घालून मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. बाईंनी मला उचललं, आत पाहिलं, खाली पाहिलं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"ही?" त्या म्हणाल्या. "ही तर लहान बाळाला भरवायची वाटी आहे."

"हे इस्पितळाचं माप आहे," गट्टू म्हणाली. "तुमच्याच लोकांनी ठरवलंय."

"ते पाण्याचं," वहिनी हळूच म्हणाली. "त्यांच्या पाण्याचं." आणि मग तिला रडू कोसळलं. "मला दिसत होतं, बाई. रोज दिसत होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, लवकर उतरलं तर त्यांचं लवकर होईल. मी हिच्या जिवावर उठले."

गट्टूने वहिनीकडे पाहिलं. रागावली नाही. उलट तिचाच हात धरून बसली, आणि दोघींच्या मध्ये टेबलावर मी. आहारवाल्या बाई म्हणाल्या, "मी वाटी दाखवून सांगायला हवं होतं." एवढं म्हणून त्यांनी मला गट्टूच्या हातात परत दिलं.

दादाला कळलं ते मशीनवरून उतरल्यावर. मशीनवरून घरी आला की तो थकून आडवा व्हायचा. त्या दिवशी खुर्चीत ताठ बसला आणि मला हातात घेऊन फिरवत राहिला.

"तू माझ्या पाण्याच्या मापाने जेवत होतीस?"

"चुकून झालं, दादा."

"पहिले काही दिवस चुकून. नंतर?"

गट्टूने बाही मनगटाच्या खाली ओढली.

"हात दाखव."

तिने बाही वर केली नाही. त्याने स्वतः केली. डाग आता तपकिरी झाला होता.

"तुझ्याकडे वेळ नाहीये, दादा," ती म्हणाली. "मी घास तोंडाशी नेला ना, की मला तुझी ती बाटली दिसते. तू एवढ्याशा पाण्यावर दिवस काढतोस आणि मी ताट भरून खाऊ? माझ्या घशाखाली उतरत नाही."

हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. वजन, तारीख, आरसा हे सगळं वरवरचं. खाली हे होतं. मला त्या क्षणी कळलं, आणि मी दोन्हीकडे असूनही मला आधी कळलं नव्हतं.

दादाने तिची बाही हळूच खाली केली आणि म्हणाला, "मला पाणी पिता येत नाही, कारण माझं शरीर बिघडलंय. तुझं चांगलं आहे. ते तू माझ्यापायी बिघडवलंस, तर मी तुझ्याकडून किडनी काय, सुतळीचा तोडासुद्धा घेणार नाही. डॉक्टर तयार झाले तरी मी सही करणार नाही. लक्षात ठेव."

त्या दिवसापासून मी पुन्हा फक्त पाण्याची झाले. वहिनीने मागच्या रांगेतली मोठी वाटी पुढे काढली आणि तिच्यात भात वाढला. भाजी, डाळ, अंडं, सगळं आहारवाल्या बाईंनी दाखवून दिलं तसं. तुम्हाला वाटेल, झालं, सुटला प्रश्न. मलाही तसंच वाटलं होतं. पण इतके महिने उपाशी राहिलेल्या माणसाला भरलेलं ताट बघून आनंद होत नाही. भीती वाटते. गट्टू त्या मोठ्या वाटीकडे अशी बघायची, जणू आतून काही उडी मारणार आहे. चार घास झाले की ती थांबायची. माझंच माप तिच्या पोटात जाऊन बसलं होतं. म्हणायची, "वजन परत वाढलं तर? सगळं पाण्यात जाईल." वहिनी समजावायची, रागवायची, रडायची. घास काही पुढे सरकत नव्हता.

मग एका संध्याकाळी दादा तिच्यासमोर येऊन बसला. त्या दिवशीच्या बाटलीत शेवटचं पाणी उरलं होतं. ते त्याने माझ्यात ओतलं. चार घोट. ते त्याला झोपेपर्यंत पुरवायचे होते.

"तू घास घे," तो म्हणाला, "मी घोट घेतो."

तिने घास घेतला. त्याने मला ओठाला लावलं आणि नुसते ओठ ओले केले. तिने दुसरा घास घेतला. त्याने पुन्हा ओठ ओले केले. त्याचा घसा कोरडा होता. घोट गिळताना होणारा आवाज मला आतून ऐकू येतो, तो येतच नव्हता. मोठ्या वाटीतला भात संपेपर्यंत आपलं पाणी पुरलं पाहिजे, म्हणून तो थेंब थेंब काढत होता. तहानलेल्या माणसाला पाणी तोंडाशी धरून न पिणं काय असतं, हे मला विचारा. गट्टूच्याही ते लक्षात आलं. ती भराभर खाऊ लागली, त्याला लवकर पिता यावं म्हणून, आणि तिला ठसका लागला. दोघंही हसली. घरात बऱ्याच दिवसांनी ते हसू ऐकलं.

आता रोज असंच जेवण होतं. तिचं वजन थोडं वाढलं, मग थांबलं. आहारवाल्या बाई म्हणतात, वाढू दे, ताकद येऊ दे, मग सावकाश उतरवू. रक्त किती वाढलं ते पुढच्या तपासणीत कळेल. दादाचे पाय हल्ली संध्याकाळी जास्त सुजतात. तोवर त्याचं शरीर साथ देईल का, हे कुणालाच माहीत नाही. मला तर नाहीच.

एक विनंती करते. तुमच्या घरात कुणी वजन उतरवत असेल तर उतरवू द्या, चांगलंच आहे. पण त्याच्या वाटीत एकदा डोकावून बघा. "जेवलीस का?" असं एकदा विचारून थांबू नका. दुसऱ्यांदा विचारा. आणि माझ्यासारख्या लहान वाट्यांना मोठ्या माणसांची पोटं मोजायला लावू नका. आम्हाला ते झेपत नाही.

आत्ताही दोघं समोरासमोर बसलीत. गट्टूची वाटी रिकामी व्हायला दोन घास उरलेत आणि ती थांबलीय. हात मांडीवर, नजर खाली. दादाच्या हातात मी आहे. तळाशी एकच घोट आहे, तो त्याने मघापासून राखून ठेवलाय. त्याचे ओठ सुकून पांढरे पडलेत, तरी तो पीत नाही.

त्याने नखाने माझ्या कडेवर हलकेच टक् केलं.

"गाडी उभी आहे, गट्टू," तो म्हणतोय. "फाटक उघड."